सर्वांत ताकदवान वंश कोणता?

"व्हॅम्पायर घ्यायचा की वेअरवुल्फ? आणि त्यात सगळ्यात पॉवरफुल रेस कोणती?" अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली मोबाईल घेऊन बसलेली मुले या प्रश्नावर तासन् तास वाद घालतात. समोर समुद्रात अर्नाळ्याचा किल्ला उभा आहे. १७३७ साली मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला. जून २०२५ मध्ये नौदलाच्या एका युद्धनौकेला त्याचे नाव देण्यात आले. परंतु त्या घडीला मुलांना किल्ला दिसत नाही, की बंदरात लागलेल्या होड्या दिसत नाहीत. त्यांना दिसते ते रात्री रक्त पिणारे पिशाच्च आणि पौर्णिमेला लांडगा होणारा माणूस.

वडीलधारी मंडळी हे पाहून चिडतात. भुताखेतांचा खेळ, अभ्यासाची नासाडी, असे म्हणून मोकळी होतात. आमचे मत वेगळे आहे. हा प्रश्न मुलांनी विचारला म्हणून तो पोरकट ठरत नाही. 'सर्वांत ताकदवान वंश कोणता?' हाच प्रश्न विचारून या जगात साम्राज्ये उभारली गेली, माणसांचे बाजार भरवले गेले, हिटलरच्या छळछावण्या उभ्या राहिल्या. आपल्या देशात तर या प्रश्नाचे उत्तर धर्मग्रंथात लिहून ठेवले गेले आणि शतकानुशतके कोट्यवधी माणसांच्या माथी मारले गेले. तोच प्रश्न आज खेळाच्या पहिल्याच पडद्यावर मुलांपुढे येतो. म्हणून त्याचे उत्तर टाळून चालणार नाही. आधी खेळातले उत्तर पाहू, मग खेळाबाहेरचे.

खेळ काय सांगतो?

जे वाचक हे खेळ खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे भाग आहे. अशा ऑनलाईन खेळात शिरण्यापूर्वी स्वतःचे एक पात्र तयार करावे लागते. नाव आणि चेहरा ठरवण्याच्या सुमारासच खेळ विचारतो, तुमची 'रेस' निवडा. रेस म्हणजे वंश. प्रत्येक वंशाला काही उपजत गुण आणि काही उपजत उणिवा दिलेल्या असतात. कोणाचे बळ जास्त, कोणाची जखम लवकर भरते, कोणाला जादू सोपी जाते. एकदा निवड झाली की ते पात्र त्या वंशाचे म्हणूनच वाढते.

जर्मनीतील गेमफोर्ज कंपनीचा 'बाइटफाइट' हा त्यातला साधा खेळ. त्यात बाजू दोनच, व्हॅम्पायर आणि वेअरवुल्फ. एक घेतली की दुसरी तुमची हाडवैरी. पुढे सोने मिळवायचे आणि ते बळ, बचाव, चपळाई, दम यांवर खर्च करून पात्र वाढवत न्यायचे. येथे जो नेमाने खेळतो, ज्याने आधी सुरुवात केली आणि ज्याच्या टोळीत माणसे जास्त आहेत, तो भारी पडतो. निव्वळ वंशाच्या नावावर फार काही मिळत नाही.

२०१४ साली आलेला 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाईन' हा मोठा खेळ. त्यात दहा वंश आहेत. गंमत अशी की व्हॅम्पायर आणि वेअरवुल्फ या त्यातील जन्मजात जाती नाहीतच. दहापैकी कोणत्याही वंशाच्या पात्राला चावा बसला की ते त्या मार्गाला लागते. दोन्ही एकाच वेळी होता येत नाही. ताकदीची किंमतही मोजावी लागते. व्हॅम्पायर जितका मुरत जातो तितकी आग त्याला जास्त भाजते आणि त्याची इतर कौशल्ये महाग होत जातात. वेअरवुल्फला लांडग्याच्या रूपात विष अधिक बाधते. नको वाटले तर उपचार करून घेऊन पुन्हा पूर्ववत होता येते.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या २००४ सालच्या खेळात २०१० मध्ये 'वर्गन' नावाचा लांडगामाणसांचा वंश आला. तरीही खेळाडूंच्या आपसांतील झुंजीत मुरलेले लोक बरीच वर्षे कोणाला निवडत असत? साध्या माणसाला! कारण शत्रूने जखडून ठेवले तर त्यातून सुटण्याची एक युक्ती त्या वंशाला उपजत दिलेली होती. इतरांना त्यासाठी एक ताईत बाळगावा लागे; माणसाची ती जागा दुसऱ्या ताइतासाठी मोकळी राही. मग जो तो माणूस होऊ लागला. शेवटी कंपनीला त्या युक्तीची धार कमी करावी लागली.

तेव्हा मुलांना द्यायचे उत्तर असे आहे. पहिली गोष्ट, 'सर्वांत ताकदवान वंश' हे फक्त आजचे उत्तर असते. पुढचे अपडेट आले की ते बदलते. दुसरी गोष्ट, झुंजीत एक वंश चालतो, शिकारीत दुसरा, सोबत्यांना सांभाळायचे असेल तर तिसराच. काम कोणते हे ठरल्याशिवाय ताकद मोजता येत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, वंशाने मिळणारा फरक बहुतेक खेळांत थोड्या टक्क्यांचा असतो, तर सराव, समज आणि चांगले सोबती यांनी पडणारा फरक त्याच्या कितीतरी पट असतो. नवख्या मुलाने जो वंश आवडेल तो घ्यावा आणि खेळायला शिकावे. महिनाभर हात बसल्यावर त्याचे त्यालाच कळेल की हरण्याचे कारण वंशात नव्हते.

हे नियम लिहिले कोणी?

आम्ही वकील असल्याने कोणताही नियम दिसला की तो कोणी लिहिला आणि कोणाच्या सोयीसाठी लिहिला, हे विचारण्याची आम्हाला सवय आहे. खेळातला 'वंश' आला कोठून, हे शोधत गेले की आपण १९७४ सालच्या अमेरिकेत पोहोचतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी त्या वर्षी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा खेळ बाजारात आणला. आजच्या बहुतेक ऑनलाईन खेळांतील वंश, वर्ग, लेव्हल ही भाषा तेथून आलेली आहे.

त्या खेळाचे १९७८ सालचे खेळाडूंसाठीचे नियमपुस्तक वाचण्यासारखे आहे. त्यात 'ड्वार्फ' म्हणजे बुटक्या वंशाच्या पात्राला जादूगार होण्याची मनाई होती. त्याची बुद्धी कितीही असो, त्याने मंत्रविद्या शिकायची नाही! त्याने हत्यार चालवावे किंवा चोरी करावी. माणसाखेरीज इतर वंशांना बहुतेक विद्यांमध्ये ठरावीक लेव्हलच्या पुढे जाता येत नसे. वरच्या पायऱ्या माणसासाठी राखून ठेवलेल्या. स्त्री पात्राच्या बळावर पुरुषापेक्षा कमी कमाल मर्यादा घातलेली होती.

वाचकहो, हे वाचताना काही आठवते काय? तप केले म्हणून शंबुकाचे शिर कोणी उडवले? धनुर्विद्या आली म्हणून एकलव्याचा अंगठा कोणी कापून घेतला? ज्यांनी अमेरिकेत बसून हे नियम लिहिले त्यांनी मनुस्मृती वाचली असेल असे आम्ही म्हणत नाही. त्याची गरजही नसते. जन्मावरून लायकी ठरवायची असे एकदा मान्य केले की नियम सगळीकडे सारखेच तयार होतात. विद्या कोणाला द्यायची, वर कोणी चढायचे, बाईने किती बळकट असायचे, हे सारे ओघाने येते.

पण या गोष्टीचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत बुटक्याला मंत्रविद्या खुली झाली आणि वंशावरून घातलेल्या पायऱ्यांच्या मर्यादा गेल्या. २०२० साली एका पुरवणी पुस्तकाने खेळाडूला मुभा दिली की वंशाने मिळणारे गुण त्याने हवे तेथे लावून घ्यावेत. २०२४ सालच्या नव्या नियमपुस्तकातून 'रेस' हा शब्दच काढून टाकण्यात आला. त्या जागी 'स्पीशीज', म्हणजे प्राणिजात, हा शब्द आला. आणि बळ-बुद्धीचे वाढीव गुण जन्माला न जोडता त्या पात्राने पूर्वायुष्यात काय काम केले, काय शिकले, याला जोडले गेले. पन्नास वर्षे लागली. खेळाडू भांडले, लेख लिहिले गेले, दुसऱ्या बाजूने ओरडही झाली. पण नियम छापील होता, सर्वांसमोर होता, म्हणून त्याच्यावर बोट ठेवता आले आणि तो बदलता आला.

रक्ताच्या शुद्धतेचे खूळ

व्हॅम्पायर आणि वेअरवुल्फच्या खेळांत तर ही गोष्ट आणखी उघडी दिसते. १९९१ साली व्हाइट वुल्फ या अमेरिकन कंपनीने 'व्हॅम्पायर: द मास्करेड' हा खेळ काढला. त्यात व्हॅम्पायरची ताकद त्याच्या 'पिढी'वर अवलंबून असते. आद्यपुरुषापासून तो जितका जवळ तितका बलवान. तेराव्या पिढीचा बिचारा कितीही धडपडला तरी वरच्या पिढीच्या मानाने दुबळा. दुसऱ्याच वर्षी त्याच कंपनीचा वेअरवुल्फचा खेळ आला. त्यात दोन वेअरवुल्फांच्या निषिद्ध संबंधातून जन्मलेल्या संततीला 'मेटिस' म्हटले जाई. अशी संतती व्यंग घेऊनच जन्मायची आणि टोळीत तिला कलंक मानायचे, असा नियम होता. गुन्हा आईबापांचा, शिक्षा लेकराला! मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात वर्णसंकराची जी यादी दिली आहे, कोणत्या स्त्री-पुरुषाच्या संबंधातून कोणती 'नीच' जात जन्मते याचा जो हिशेब मांडला आहे, तो या मेटिसहून निराळा नाही. २०२३ साली आलेल्या नव्या आवृत्तीत हा मेटिस प्रकार वगळण्यात आला. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली, तेव्हा जन्माचा हा हिशेबच जाळला होता.

२००३ सालचा 'अंडरवर्ल्ड' हा इंग्रजी चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात लांडगामाणसे ही व्हॅम्पायर सरदारांची गुलाम असतात. एक गुलाम आणि सरदाराची मुलगी यांचे प्रेम जमते, तिला दिवस जातात आणि रक्त विटाळले म्हणून बाप स्वतःच्या मुलीला मारून टाकतो. तेथून शेकडो वर्षांचे युद्ध पेटते. मुले हा चित्रपट काल्पनिक म्हणून पाहतात. आम्ही मात्र त्यांना विचारतो, बापाने असे का केले? आणि मग सांगतो, तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात सोनई येथे १ जानेवारी २०१३ रोजी मेहतर समाजातील तीन तरुणांना ठार मारण्यात आले, तेही प्रेमसंबंधावरून. २०१८ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने त्या खटल्यात सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. त्याच जिल्ह्यात खर्डा येथे २०१४ साली एका शाळकरी दलित मुलाला वरच्या जातीच्या मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारले गेले आणि २०१७ साली त्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. पडद्यावरचे रक्त खोटे असते. येथे सांडले ते खरे होते.

आमच्या किनाऱ्यावरील भुतांची जात

कोणी म्हणेल, व्हॅम्पायर हे परदेशी खूळ आहे. तसे मुळीच नाही. रिचर्ड बर्टन या इंग्रजाने १८७० साली आपल्या विक्रम-वेताळाच्या कथा इंग्रजीत आणल्या, तेव्हा त्याने वेताळाला 'व्हॅम्पायर' म्हटले. ड्रॅक्युलाची कादंबरी त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १८९७ मध्ये आली. म्हणजे ड्रॅक्युलाच्या आधीपासून आमचा वेताळ इंग्रजीत व्हॅम्पायर म्हणून वावरत होता.

आणि निवडण्याजोग्या वंशांची यादी म्हणाल, तर ती आमच्या कोकणपट्टीत केव्हाच तयार होती. ए. एम. टी. जॅक्सन या अधिकाऱ्याने जमवलेल्या माहितीवरून आर. ई. एन्थोवन यांनी १९१५ साली कोकणातील लोकसमजुतींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात भुतांचे प्रकार दिलेले आहेत. वेदविद्येचा ताठा बाळगून मेलेला ब्राह्मण ब्रह्मग्रह होतो. मुंज झालेला पण सोडमुंज न झालेला ब्राह्मण मुलगा मेला की मुंजा होऊन पिंपळावर बसतो. लग्नानंतर मेलेला शूद्र देवचार होतो. कोळी किंवा खारवी मेला तर झोटिंग. महार-मांग किंवा मुसलमान मेला तर खवीस. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट.

वाचकहो, माणूस मेला, देह जळला किंवा मातीत गेला, पण त्याची जात मेली नाही! भूत होतानाही पायरी ठरलेली. ब्राह्मणाचे पोर मेले तर ते पिंपळावर राहणार आणि लोक त्याला पूजणार. महाराचा माणूस मेला तर तो खवीस, सर्वांत क्रूर, सर्वांनी भ्यावे असा. बाईचे भूत ठरणार ते तिचा नवरा जिवंत होता की नाही यावरून. परदेशी खेळात निदान वंश निवडता तरी येतो. या यादीत मेल्यावरही निवड नाही.

आजही या किनाऱ्यावर कोणाला ताप चढला, होडीला मासळी लागली नाही, की गिऱ्हा लागला म्हणून भगताकडे धाव घेणारी माणसे आहेत. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी अनेक वर्षे झगडले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतरच सरकारला जाग आली. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, चटके देणे, उपचारापासून रोखणे हा या कायद्याने गुन्हा आहे. हे प्रत्येक कोळीवाड्यात, प्रत्येक पाड्यात सांगितले गेले पाहिजे.

आणि हे सांगणारे आपण पहिले नाही. याच वसई तालुक्यात सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. पुढे १९५६ साली भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या नवव्या लेखात अशोकाने काय म्हटले आहे? आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना तऱ्हेचे विधी करतात, त्यांचे फळ अल्प असते. खरे मंगल म्हणजे दास आणि सेवकांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान ठेवणे, प्राण्यांशी संयमाने वागणे. बावीसशे वर्षांपूर्वी या परिसरात हा विचार दगडावर कोरला गेला होता. त्याच किनाऱ्यावर नंतर जातीची भुते पिंपळावर चढून बसली.

खऱ्या जगात रेस बदलता येते का?

अर्नाळ्यातील एका वस्तीत आम्ही शाळकरी मुलांना संविधानाची ओळख करून देण्यासाठी जात असतो. कलम १५ शिकवताना 'धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान' हे शब्द आले. आठवीतल्या एका मुलाने हात वर केला. "सर, ही वंश म्हणजे गेममधली रेसच ना? गेममध्ये पैसे भरले की रेस बदलता येते. खऱ्यात येते का?"

प्रश्न साधा होता, पण त्यात सारे काही होते. त्या मुलाला आम्ही जे सांगितले ते येथे थोडक्यात देतो.

खेळात वेअरवुल्फ आणि माणूस हे खरोखरच निराळे असतात, कारण कंपनीने त्यांना निराळे आकडे दिलेले असतात. माणसामाणसांत असे आकडे कोणीही दिलेले नाहीत. तथागतांनी हे सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात स्पष्ट सांगितले आहे. माणूस जन्माने ब्राह्मण होतो की कर्माने, यावर दोन ब्राह्मण तरुणांचा वाद होतो आणि ते बुद्धांकडे येतात. बुद्ध सांगतात की गवत, झाडे, किडे, चतुष्पाद प्राणी, मासे, पक्षी यांच्यात जन्मजात निराळेपणाच्या खुणा आहेत. माणसांच्या केसांत, डोक्यात, डोळ्यांत, हातापायांत अशा खुणा नाहीत. माणसांतला फरक हा केवळ नावाचा आहे. शेती करतो तो शेतकरी, व्यापार करतो तो व्यापारी. अमेरिकेतल्या खेळाने २०२४ साली 'रेस'च्या जागी प्राणिजात हा शब्द घेतला. कोठे प्राणिजात म्हणायचे आणि कोठे म्हणायचे नाही, हे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे.

बाबासाहेबांनी हाच विचार आधुनिक पुराव्यांनिशी मांडला. इंग्रज अधिकारी रिस्ले याने नाकांची मापे घेऊन जात म्हणजे वंश असे ठरवण्याचा खटाटोप केला होता. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या भाषणात दाखवून दिले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार हे एकाच वंशाचे आहेत, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा पारिया हेही एकाच वंशाचे. १९४६ च्या शूद्रांवरील ग्रंथात त्यांनी आर्य वंशाच्या सिद्धांताचा समाचार घेतला. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी नाकांच्या मापांचे तेच आकडे घेऊन उलट सिद्ध केले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने निराळे नाहीत. शत्रूच्या हातची मोजपट्टी घेऊन त्यांनी शत्रूचाच दावा खोडून काढला!

मग काही पंडित विचारतात, जात म्हणजे वंश नाही, तर वंशभेदाच्या व्यासपीठावर जातीचा प्रश्न कशाला? २००१ साली दरबान येथे संयुक्त राष्ट्रांची वंशभेदविरोधी परिषद भरली, तेव्हा भारत सरकारने हाच पवित्रा घेतला होता. दलित संघटनांनी तेथे जाऊन सांगितले की प्रश्न वंशाचा नसेल, पण जन्मावरून होणाऱ्या भेदाचा निश्चित आहे. २००२ साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने आपल्या २९ व्या सर्वसाधारण शिफारशीत जन्माधारित भेदभावात जातीवरून होणारा भेदभाव येतो, असे म्हटले. आमच्या संविधानकारांनी तर कलम १५ मध्ये वंश आणि जात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवून पळवाटच बंद करून टाकली होती.

आणि त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर? खेळात कंपनीला पैसे मोजून रेस बदलावी लागते. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला जाहीर केले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसांसह करून दाखवले की जन्माने लादलेली ओळख माणूस नाकारू शकतो. त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागले नाहीत, कोणाचा चावा घ्यावा लागला नाही. परंतु समाज अजून जुनेच नियम चालवतो, म्हणून आडनाव ऐकताच घर भाड्याने न देणारे लोक आजही भेटतात. खेळातला अन्यायी नियम कंपनी एका अपडेटने बदलते. देशातला नियम संविधानाने बदलला. माणसांच्या डोक्यातला नियम आपल्यालाच बदलावा लागणार आहे.

पैसेवाल्यांचा वंश

या खेळांतील आणखी एका गोष्टीकडे पालकांनी लक्ष द्यावे. खरी विषमता आता वंशात राहिलेली नाही, ती पैशात शिरली आहे. 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाईन' सुरू झाला तेव्हा त्यातला 'इंपीरियल' हा वंश जास्त किमतीची आवृत्ती घेणाऱ्यालाच मिळत होता. पुष्कळ मोफत म्हणवणाऱ्या खेळांत पैसे भरणारा चार दिवसांत तेथे पोहोचतो जेथे न भरणारा चार महिने घासूनही पोहोचत नाही. बंद पेटी विकत घ्यायची, आत काय निघेल हे नशिबावर, असाही प्रकार असतो. बेल्जियमने २०१८ साली अशा पेट्यांना जुगार ठरवले.

आमच्याकडे एक कोळी भगिनी आल्या होत्या. मासळी विकून जमवलेले साडेसात हजार रुपये त्यांच्या खात्यातून गेले होते. चौकशी केली तेव्हा कळले, मुलाने आईच्या मोबाईलवरून खेळातील शस्त्रे घेतली होती. त्याला मारून काय उपयोग? आम्ही संबंधित कंपनीला लेखी कळवले की भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ प्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नाही आणि १९०३ सालच्या मोहरीबीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाचा करार मुळातच निरर्थक ठरवला आहे. काही रक्कम परत आली. सगळी आली नाही.

केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाईन खेळांसंबंधी कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ त्याने प्रतिबंधित केले. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. करमणुकीचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स मात्र त्यातून निराळे ठेवले आहेत. म्हणजे व्हॅम्पायर-वेअरवुल्फचा खेळ खेळणे गुन्हा नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट आहे. पालकांनी एवढे तरी करावे: मुलाच्या खेळाला बँकेचे खाते जोडू नये, यूपीआयचा पिन मुलाला सांगू नये, आणि पैसे गेले तर लाजून गप्प न बसता त्याच दिवशी कंपनीला व बँकेला लेखी कळवावे. पावत्या आणि संदेश पुसून टाकू नयेत. तोच पुरावा असतो.

शेवटी आमचे म्हणणे एवढेच. मोबाईल हिसकावून घेतला म्हणून मुलाच्या डोक्यातला प्रश्न जात नाही. त्याच्या शेजारी बसा. त्याला विचारा, तू कोणता वंश घेतलास आणि का घेतलास? ज्याला सगळे कमी लेखतात तो वंश घेऊन कोणी जिंकते का? हे नियम कोणी केले? ते तुला न्याय्य वाटतात का? तुझ्या हातात असते तर तू कोणता नियम बदलला असतास? मुले भराभर उत्तरे देतात, कारण खेळाचे नियम त्यांना पाठ असतात. ज्या मुलाला खेळातला अन्यायी नियम ओळखता येतो, त्याला गावातला अन्यायी नियमही ओळखता येईल. प्रत्येक विहारात, प्रत्येक वस्तीच्या अभ्यासवर्गात एक रविवार या विषयाला द्यावा. आपल्या मुलांना कोणत्याही वंशाचे सर्वश्रेष्ठत्व शिकवायचे नाही; वंशाच्या श्रेष्ठत्वाचा नियम खोडून कसा टाकायचा, हे शिकवायचे आहे.

जयभीम!